मॅडम उठल्या तेव्हा

नव्या न्यायाधीशांना सुरुवातीचे काही आठवडे एखाद्या जुन्या न्यायाधीशाच्या हाताखाली काढावे लागतात. पिंपरीच्या आमच्या कोर्टात हे काम माझ्याकडे आलं आणि माझ्यातल्या नटाला रंगमंच मिळाला. चेंबरचं दार लावून मी कधी चिडका वकील व्हायचो, कधी बेरकी साक्षीदार. समोर नव्या मॅडम. लातूरकडच्या, कालपरवापर्यंत स्वतः वकिली करणाऱ्या. मी "हरकत आहे!" असं ओरडलो की त्या ताडकन उभ्या राहायच्या.

"अहो, बसा! न्यायाधीश उठले की कोर्ट संपलं. पंखा डोक्यावर पडला तरच उठायचं."

"सवय आहे हो, सर."

हळूहळू ती सवय गेली. त्यांचा एकटीनं कोर्ट चालवायचा पहिला दिवस आला. माझं काम लवकर आटोपलं होतं, म्हणून दोन कोर्टांमधल्या दारामागे मी चोरासारखा उभा राहिलो.

चाकणकडच्या एक आजी साक्षीला आल्या होत्या. वडिलांच्या जमिनीत त्यांना हिस्सा हवा होता आणि भावांचे वकील दर वेळी काहीतरी निमित्त काढून तारीख पुढे ढकलायचे. आजी साक्षीदाराच्या पिंजऱ्याची पायरी चढताना अडखळल्या आणि आमच्या मॅडम उठल्या! घरात वडीलधारं माणूस आल्यावर उठतात, तशा.

झालं! सगळं कोर्ट उभं राहिलं. पट्टेवाल्यानं रिवाजाप्रमाणे त्यांची खुर्ची मागे ओढली. भावांचे वकील फायली काखेत मारून, नमस्कार ठोकून दारापर्यंत पोचलेसुद्धा.

आजी पिंजऱ्यातून म्हणाल्या, "आजबी न्हाई का? मंग मी परत न्हाई यायची, बाई. गुडघं न्हाई ऱ्हायलं आता."

माझा हात कडीवर गेला. पण मी आत गेलो असतो, तर त्या कोर्टात मॅडमना पुन्हा कुणी न्यायाधीश मानलं नसतं. हात मागे घेतला.

मॅडम लालबुंद झाल्या होत्या. "वकीलसाहेब, परत या. उठले ती माझी चूक. साक्ष आजच होईल."

"मॅडम, आमचे पक्षकार गाडीत जाऊन बसले..."

"उतरवा त्यांना. आणि आजींना खुर्ची द्या."

संध्याकाळी मॅडम माझ्या चेंबरमध्ये आल्या. मी अगदी भोळा चेहरा केला. "काय, कसा गेला दिवस?"

"सर, दाराच्या फटीतून तुमचे बूट दिसत होते."

मी हळूच बूट टेबलाखाली ओढून घेतले.

"साक्ष पूर्ण झाली," त्या म्हणाल्या. मग जरा घुटमळल्या. "जाताना आजींनी लांबूनच माझ्यावरून हात ओवाळल्यासारखे केले आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. साक्षीदारानं असं केलं, तर ते नोंदवायचं असतं का?"

"नाही," मी म्हणालो. "ते आईला फोन करून सांगायचं."