पाळलेला कोळी चावतो तेव्हा

मिरजेत कॅज्युअल्टीत नर्स म्हणून वीस वर्षं काढली. साप-विंचवाचे किस्से आता आमच्या चहाच्या टेबलावर कुणी ऐकून घेत नाही. पाळलेल्या कोळ्यांचा विषय निघाला की मात्र सगळे खुर्च्या जवळ ओढतात. तळहाताएवढे, केसाळ, परदेशी कोळी. लोक ऑनलाइन मागवतात आणि काचेच्या पेटीत ठेवतात.

* * *

सांगलीचा एक कॉलेजवाला बोटावर दोन ठिपके घेऊन आला. "मधमाशीएवढंच दुखतंय," म्हणत हसत घरी गेला.

सहाव्या दिवशी स्ट्रेचरवर आला. पोटऱ्या दगडासारख्या, आणि कातडीखाली मांस आपोआप उडत होतं. तो पूर्ण शुद्धीवर, स्वतःच्याच पायांकडे बघत होता.

"सिस्टर, हे मी करत नाहीये," एवढंच म्हणाला.

दोन दिवस औषधं चालली, तेव्हा कुठं पाय त्याचं ऐकायला लागले.

* * *

रहिमतपूरच्या एका भाभींचा डोळा दोन महिने लाल. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मशीनमधून पाहिलं. म्हणाले, "बुबुळात कोळ्याचे बारीक केस रुतलेत. आत आत चाललेत."

भाभींनी कोळ्याला कधी हात लावला नव्हता. दिराच्या कोळ्याची पेटी एकदा उघडून पुसली होती, तेवढंच. तेव्हा कोळी मागच्या पायांनी भराभर स्वतःचं पोट घासून केस उडवत होता.

"मला वाटलं, खाजवतोय बिचारा," भाभी म्हणाल्या.

* * *

आणि कवठे महांकाळचे रिटायर्ड हवालदार. मुलानं परदेशी जाताना आपला कोळी त्यांच्याकडं ठेवलेला. अंगठा टम्म सुजलेला, काखेत स्टीलचा डबा.

"आवं सिस्टर, काल चावला, आन् आज सकाळी बघतोय तर पेटीत मरून पडलेला. दाखवाया आणलाय."

डॉक्टरांनी चिमट्यानं उचलला. कागदासारखा हलका, आतून पोकळ.

"हवालदार, ही नुसती कात आहे. कोळी कात टाकून बाहेर पडलाय. पेटीला झाकण लावलंय ना?"

"मेलेल्याच्या पेटीला झाकण कशाला लावू?"

"घरी कोण आहे?"

"मंडळी. लकवा झालाय तिला, डावी बाजू गेलीय."

त्यांनी घाईघाईनं फोन लावला, स्पीकरवर टाकला. "बरी हायस न्हवं?"

"लय बरं वाटतंय," बाईंचा आवाज झोपाळलेला. "कोण आलंय वो घरात? मघापासनं माझ्या डाव्या पायावरनं हात फिरवतंय."

हवालदारांनी फोनवर तळवा ठेवला.

"सिस्टर," ते हळू म्हणाले, "त्या पायाला दोन वर्सं झाली, काय कळत न्हाई."