उलटी खळ

सत्तरच्या दशकात कुपवाडला एका कारखान्याच्या शेडात मी सायंटिस्ट होतो! म्हणजे, सायंटिस्ट सांगतील ते ढवळायचो. सातवीत दोनदा बसलो, तिसऱ्यांदा मास्तरांनीच उठवलं. तरी ढवळण्यात आपला हात धरणारा कोणी नव्हता. धरला असता तर चिकटला असता!

आमच्या शेडातले किस्से आमच्या पावडरीसारखे. एकदम ओतले की गुठळ्या होतात. चिमूट-चिमूट टाकतो, तुम्ही ढवळत बसा.

पावडर कापसाची. आमचे सायंटिस्ट पेंडसे साहेब कापसाचा भुगा कॉस्टिक सोड्यात भिजवायचे, कसल्याशा रसायनात शिजवायचे आणि वाळवून पांढरी पूड काढायचे. डिस्टेंपर भिंतीला धरून राहावा, औषधाची गोळी फुटू नये, म्हणून रोज नवं मिश्रण. साहेब तिला मिथाइल सेल्युलोज म्हणायचे. माझ्या जिभेला गाठ बसायची. मी म्हणायचो, उलटी खळ. तूप तापलं की पातळ होतं, निवलं की थिजतं. हिचं उलटं! गार पाण्यात विरघळायची, तापली की थिजायची, निवली की परत पाणी.

*

मिरजेचा याकूब आमचा फिटर. मे महिन्यात मी पंपावरच्या पत्र्यावर खळीची बरणी ठेवली. दुपारी पत्रा तापला. बरणीत पांढरं धुकं दाटलं. मी आत चमचा खोचला, तर मधोमध उभा! सांजेला पत्रा निवला, धुकं विरलं, चमचा आपोआप टण्णकन काचेवर आपटला.

"आत कोण हाय रं?" याकूब पंपाकडे बघत म्हणाला.

"तुझ्या आधीचा फिटर!"

त्या दिवसापासून याकूब पंपाला सलाम करून आत यायचा.

बरण्या धुणारी कुंडलची आक्का मात्र भ्याली नाही. तिचा शिवाजी मिलिटरीत. लढाई संपून वरीस उलटलं, तरी गेला म्हणून तार नाही, हाय म्हणून पत्र नाही. ती बरणीकडे बघत म्हणाली, "जातंय, आन परत येतंय. बघा की!"

पुढं रोज बरणी निवळल्याशिवाय तिचा पाय घराकडे वळेना.

*

पुण्याहून एक नवे केमिस्ट आले. त्यांनी अख्खी पिशवी गार पाण्यात उलटी केली. झाल्या गुठळ्या! वरून नितळ साल, आत पांढरा कोरडा ठिपका. पिंपभर डोळे तरंगायला लागले. हे वाकले, तसे सगळे डोळे यांच्याकडे सरकले.

"हे... हे माझ्याकडे बघताहेत!"

मी म्हणालो, "बघणारच की! पुण्याचं माणूस त्यांनी कवा बघितलंय?"

*

साहेबांनाही सोडलं नाही. गार दुधात खळ कालवून त्यांचा चहा उकळला. साहेबांनी कप तिरका केला. चहा येईना. उलटा केला. तरी येईना! वाफ मात्र खाली तोंड करून निघतेय. मी दाराआड हसू दाबून उभा. साहेब शांतपणे म्हणाले, "किती टक्के घातलीस?"

तेवढ्यात चहा निवला, आणि सगळा त्यांच्या मांडीवर!

*

याकूबनं एकदा ग्लिसरीन घातलेल्या खळीत हात बुडवून पंख्याखाली वाळवला. साल हळूच सोलली तर अख्खा पारदर्शक हात निघाला. रेघा, नखं, सगळं! तळहातावर ठेवला की अंगाच्या ओलीनं त्याची बोटं हळूहळू मिटायची.

टायवाले एक पाहुणे आले. "हात मिळवा, साहेब," म्हणून मी तो त्यांच्या हातावर ठेवला. बोटं मिटली. पाहुणे चहा न घेता गेले!

आक्कानं मग तो आपल्या हातावर घेतला. बोटं तिच्या बोटांभोवती वळली.

"शिवाजीनं टेशनात असाच धरला हुता," म्हणाली.

याकूब पुटपुटला, "हात माझा हाय, आक्का." पण परत मागायचं धाडस काही त्याला झालं नाही.

*

अखेर आक्कानं ठरवलं, शेडामागच्या मरीआईला कौल लावायचा. "सुनंनं कुक्कू लावायचं का न्हाई, एकदाचं कळू दे."

आमच्याकडे देवीला दोन कळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गुरवाला मोतीबिंदू. तो म्हणाला, "बाळू, कळ्या तूच लाव."

माझ्या हातात कळ्या, आणि खिशात खळीची बाटली! उजवी लावली नुसत्या पाण्यानं. डावी खळीनं. ऊन चढेल तशी ती आणखी गच्च धरणार. आक्का डोळे मिटून मनात काहीतरी बोलली.

ऊन तापलं. उजवी टप्पदिशी पडली! गुरवानं घंटा बडवली. याकूब बाहेरूनच ओरडला, "आक्का, पोरगं हाय! पेढं काढा!" मी तर नाचलोच.

आक्का हलली नाही. देवीकडेच बघत म्हणाली, "आपल्या शेडात समदं उलटं चालतंय, म्हणून म्या बी उलटंच धरलं हुतं. उजवी पडली तर त्यो न्हाई. डावी पडली तर हाय."

घंटा थांबली.

"आवं आक्का, असा कौल धरत्यात व्हय?" मी घाईनं म्हणालो. "ह्यो काय खरा न्हाई!"

"खरा न्हाई?" तिनं मान वळवली. माझ्या चिकट बोटांकडे बघितलं, मग वर त्या कळीकडे. "मग एवढ्या उनात ही डावी कुणाच्या हातानं धरून ठेवलीया, ते सांग की, बाळू!"