गोळ्या परत मागणाऱ्या बाई

मालतीबाई डॉक्टर गेल्याचं मला मार्केट यार्डात कळलं. मेथीच्या जुड्या उचलत होते, तेव्हा शेजारची शकू म्हणाली, "तुझ्या डॉक्टरीणबाई गेल्या गं, पहाटे." मी जुड्या टेम्पोत टाकल्या आणि मगच खाली बसले... माल उन्हात ठेवून रडता येत नाही. त्याला आता महिना होत आला. मेलेल्या माणसाला लोक देव करतात. बाई देव नव्हत्या. तापट होत्या, चारचौघांत बोलायच्या. "काल का नाही आलात? ताप पिकायला ठेवला होता?"

गुलटेकडीच्या गल्लीत त्यांचा एका खोलीचा दवाखाना. दाराशी पत्र्याचा डबा असायचा. बरं झालं की उरलेल्या गोळ्या, कापलेल्या पाकिटांसकट, आम्ही त्यात टाकायचो. ज्याला औषध परवडत नाही त्याला बाई त्यातून द्यायच्या. सगळ्यांना ते धर्माचं काम वाटायचं. मग दवाखान्यांची तपासणी सुरू झाली आणि एक दिवस साहेब आमच्याकडेही आले. डबा दिसला तर टाळं लागेल, असं कुणीतरी पुटपुटलं. बाकावरच्या पेशंटनी तो हातोहात सरकवत माझ्या मांडीवर आणला. मी वरून पदर घेतला. साहेबांनी हात धुवायची जागा पाहिली, वापरलेल्या सुया कुठे टाकता ते पाहिलं, फ्रीज उघडून पाहिला. सगळं चोख होतं. ते निघालेच होते, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "अहो, मांडीवरचं द्या इकडे."

"माझा जेवणाचा डबा आहे," मी म्हटलं.

"मग मीच जेवते. द्या."

साहेबांनी डबा टेबलावर पालथा केला. तापाच्या गोळ्यांतून एक तुकडा उचलून म्हणाले, "डॉक्टर, ही शुगरची आहे. दिसते सारखीच, पण शुगर नसलेल्याने घेतली तर जिवावर बेतेल. अर्धं नाव उरलंय म्हणून कळलं, तारीख तर कापूनच गेलीय." बाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि खुर्चीत बसल्या. साहेबांनी दवाखाना बंद ठेवायला सांगितला. बाईंनी कुलूप स्वतःच्या हाताने लावलं.

दुसऱ्या दिवसापासून बाई घरोघर जाऊन डब्यातल्या गोळ्या परत मागायला लागल्या. गुडघे दुखत होते, तरी जिने चढायच्या. मी सोबत असायचे. म्हटलं, "बाई, इतक्या वर्षांचं नाव जाईल."

"नाव माझं जाईल. गोळी त्यांच्या पोटात जाईल."

बहुतेकांकडे गोळ्या मिळाल्या. शेवटी सोनवण्यांकडे गेलो. म्हातारे आदल्याच महिन्यात झोपेत गेले होते. बाईंनी सुनेला विचारलं, "मी दिलेल्या गोळ्या घेत होते का?" ती म्हणाली, "घेत असतील... आम्ही सगळं टाकून दिलं. वय झालं होतं हो त्यांचं." बाई जिन्यातच बसल्या. वयच झालं होतं, असं मीही म्हटलं. बाई कठडा धरून उठल्या. खरं काय ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि खोटं कशाला सांगू, मलाही माहीत नाही.

दवाखाना पुन्हा उघडला, तेव्हा डबा गेलेला होता. गोळी असो की इंजेक्शन, बाई आधी पेशंटसमोर धरायच्या. "तारीख वाचा. मोठ्याने." मी चौथी शिकलेली, अडखळायचे. त्या थांबायच्या. बाहेर रांग लागली तरी थांबायच्या.

परवा खराडीला मुलाकडे होते, तिथे ताप आला. तिथला डॉक्टर इंजेक्शन भरायला लागला. मी हात मागे घेतला. "आधी बाटली दाखवा."

तो हसला. "आजी, माझ्यावर विश्वास नाही?"

"आमच्या बाईंचा स्वतःवरही नव्हता."

त्याने बाटली पुढे केली. मी चष्मा पुसला आणि एकेक आकडा वाचला... मोठ्याने.