गवताची काडी

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, पण रोह्यांना, म्हणजे नीलगायींना, त्याची चटक होतीच. कुंपणाच्या तारेत झटका सोडणारी मशीन चालू दिसे, तरी ती जनावरं खुशाल आत येत. झटक्याचं व्होल्टेज मोजणारं मीटर यवतमाळात मिळेना. वायरमनचं साधं मीटर लावलं, तर ते जळालं. शेवटी मशीन घेऊन घाटंजीच्या बाजारात बसणाऱ्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो.

त्याच्या पायात गमबूट होते. त्यानं मशीनला बॅटरी आणि तार जोडली, अन् कानामागची हिरव्या गवताची काडी माझ्या हातात दिली.

"चप्पल काढा, भाऊ. काडीचं टोक तारेले लावा, अन् हात हळूहळू जवळ न्या."

"तुम्हीच पाहा ना."

"माह्या हाताले सवय झाली. तो आता खोटं बोलते."

"मग मीटर काहून नाही ठेवत?"

"मीटर आकडा सांगते. रोही कुठं आकडे वाचते?"

चार बोटं काडी उरली, तेव्हा मी असा ओरडलो की भाजीवाल्या खो खो हसल्या. त्यानं शांतपणे खडूनं मशीनवर 'पास' लिहिलं.

"मशीन चांगली हाये. तारेले टेकलेलं गवत कापा. तेच तुमचा झटका खाऊन राह्यलं."

गवत कापलं, अन् रोह्यांचं येणं थांबलं. म्हाताऱ्याचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं. आता शेजारी आपापल्या मशीन घेऊन माझ्याकडे येतात. मी आधी गमबूट घालतो, बांधावरची एक काडी तोडतो आणि अगदी गंभीरपणे म्हणतो, "चप्पल काढा, भाऊ."