पार्किंगमध्ये फुटलेलं बदक

कोरड्या जमिनीवर होडी फोडणारा माणूस पाहिलाय का कधी? नाही ना? मग नीट बघून घ्या, तुमच्यासमोरच बसलाय! चहात साखर कमी असेल तर सांगा हं, मी आपली अंदाजानेच घालतो.

आता तुम्ही म्हणाल, होडी आणि बदलापुरात? अहो, आमच्या हेंद्रेपाड्यात नदी अधूनमधून घरीच येते. न सांगता येते आणि जाताना चिखल ठेवून जाते. मी तळमजल्यावर, पार्किंगला अगदी लागून. म्हणून एका बंद पडलेल्या रिसॉर्टचं सामान विकायला निघालं, तेव्हा मी तिथलं बदक उचललं. पायडल मारायची दोन सीटची फायबरची बोट असते ना, पिवळी चोच, लांब मान, डोळ्यांत काजळ? तेच. बायको होती तेव्हा. कपाळाला हात लावून म्हणाली, "लोक सोफा आणतात, फ्रिज आणतात. तुम्ही बदक आणलंत!"

पण त्याच वर्षी पाणी आलं आणि माझ्या बदकाने काय भाव खाल्ला म्हणून सांगू! गल्लीच्या टोकाला, नदीच्या अंगाला बेबीआत्याचं जुनं बैठं घर आहे. आत्या सगळ्या गल्लीचीच आत्या. आमची बिल्डिंग उभी आहे तिथे पूर्वी तिच्या सासऱ्यांचं भात व्हायचं. तर त्या आत्याला मी बदकात बसवून आणली, मांडीवर दोन कोंबड्या घेऊन! जिन्यावरून सगळी बिल्डिंग टाळ्या वाजवत होती. बायकोसुद्धा.

मग बायको गेली. मुलगी नागपूरला, तिचा फोन रविवारी. घरात टीव्ही बंद केला की माझ्याच चपलांचा आवाज मला येतो. आणि खरं सांगतो, लाज वाटते पण सांगतो, माझं दार वाजायचं ते नदी वाढली की. "गायकवाड काका, बोट तयार आहे ना?" एवढं एक वाक्य ऐकण्यासाठी मी वर्षभर ते बदक पुसायचो. बोट आहे म्हणून आपल्याला कुणी विचारतंय, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

त्यात डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्यांना व्यायाम द्या. सायकल? छे! घरचं बदक असताना सायकल कशाला? रोज सकाळी मी पार्किंगमध्ये बदकात बसायचो, एका हातात चहा, एका हातात पेपर, आणि जागच्या जागी पायडल. बोट दोन सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवलेली. एका सकाळी पेपरात काहीतरी रंगतदार होतं, पाय जरा जोरात फिरले आणि बदक एका ठोकळ्यावरून घसरलं. खाली तोच ठोकळा, त्याचाच कोपरा. कडकन् आवाज! वाकून बघतो तर तळाला ताटलीएवढं भोक, आणि माझा चहा त्यातून खाली चाललेला.

आता फायबरची होडी फुटली तर काय करतात, हे मला ठाऊक होतं. उलटी करायची, बाहेरून घासायची, काचेच्या धाग्यांची मॅट ठेवून रेझिनचे, म्हणजे त्या चिकट रसायनाचे, थर चढवायचे. सारा जन्म आनंदनगरच्या कारखान्यात गेला माझा, फायबरच्या टाक्या बनायच्या तिथे. फक्त त्या मी बनवायचो नाही. मी डिस्पॅचला होतो. टाकी टेम्पोत नीट चढली की नाही, ते बघायचं. पण बिल्डिंगमध्ये मी 'फायबरवाले काका', आणि लोकांचा गैरसमज आपल्या सोयीचा असेल तर तो कशाला मोडा?

अडचण एकच. बोट उलटी करायला चार माणसं लागतात. चार माणसं बोलावली की भोक दिसणार. भोक दिसलं की बातमी पसरणार, काकांची बोट गेली. मग पाणी आल्यावर माझं दार कोण वाजवणार? म्हणून ठरवलं, एकट्यानेच करायचं. बोट सुलटीच ठेवायची आणि आतून ठिगळ मारायचं. कुणाला काही कळायलाच नको!

गेलो उल्हासनगरला. तिथल्या बाजारात मिळत नाही अशी वस्तू अजून जन्माला यायची आहे. दुकानदाराने विचारलं, "साईं, कायको मंगता? बाथटब है?"

"टाकी आहे," मी ठोकून दिलं.

"हार्डनर थोडा डालना. और नीचे पॉलिथिन लगाना, नहीं तो..."

"मला शिकवताय? आख्खं आयुष्य फायबरमध्ये गेलंय माझं!"

त्या बिचाऱ्याने सामान बांधून दिलं. त्याला वाक्य पुरं करू दिलं असतं तर आज मी हा किस्सा सांगत बसलो नसतो.

घरी येऊन विचार केला, पॉलिथिन म्हणजे किती पातळ! काहीतरी दणकट हवं. घरात जाडजूड गोणपाट होतं. पहारीने बोट एका बाजूला जराशी उचलली, ठोकळे ढकलून दिले, गोणपाट भोकाखाली सरकवलं. बोट आता फरशीवर टेकली. म्हटलं, वा! काय डोकं चालतंय!

पहिलं रेझिन कालवलं. ते घट्ट करणारा हार्डनर सढळ हाताने. प्लास्टिकच्या मगातून धूर निघायला लागला! तो मऊ झाला, वाकला आणि माझ्या देखत आडवा पडला. वरच्या मजल्यावरून सेक्रेटरी साळवी धावत आले. "काका, काय जळतंय?"

"अगरबत्ती लावलीय."

"कसली? टायरची?"

"बोटीचं सर्व्हिसिंग काढलंय," मी म्हणालो. इथे सगळं घसरलं बघा. सर्व्हिसिंग! संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरचा नितीन खाली आला. कंपनीत कामाला आहे, बोलतो अर्धं हिंदी. "काका, ये क्या सुन रहा हूं? मोटर बसवताय काय?"

मी हो म्हणालो नाही. शपथ घेतो! मी फक्त एवढंच म्हणालो, "बघू या."

रात्रीच्या जेवणापर्यंत बिल्डिंगभर झालं, काका मोटर बसवतायत. दुसऱ्या दिवशी ती मोटर डिझेलची झाली. तिसऱ्या दिवशी एकाने विचारलं, दिवा पुढे लावणार की मानेवर? आणि काय सांगू, लोक येऊ लागले हो! कुणी ऑफिसला जाताना डोकावतंय, कुणी वाटीत भजी घेऊन येतंय. मी बदकावर चादर टाकून ठेवलेली. "काम चालू असताना दाखवत नाहीत," असं गंभीर तोंड करून सांगायचो. इतकी माणसं माझ्या दाराशी बायकोच्या दहाव्यालाही नव्हती आली. मग सांगा, मी कुठल्या तोंडाने म्हणणार की मोटर नाही, भोक आहे?

दुसऱ्या खेपेला हार्डनर भीतभीत घातला. पावसाळी हवा, ते सुकेचना. आठवडाभर नुसतं चिकट. बोट लावलं की बोटाला गूळ! मग वैतागून उरलेलं सगळं रेझिन एकदम कालवलं, बेताने हार्डनर घातला आणि दिलं ओतून. ते भोकातून खाली कुठे कुठे गेलं, मला काय दिसतंय? सकाळी बघतो तर ठक्क कडक! आत दोन बादल्या पाणी ओतलं. एक थेंब खाली गळला नाही. मी एकटाच पार्किंगमध्ये नाचलो.

बोट हलवून बघायची होती, पण एकट्याने कशी हलवणार?

तेवढ्यात साळवींनी मीटिंगमध्ये जाहीर केलं, यंदा आपल्याकडे मोटरबोट आहे. बेबीआत्या दर वर्षी नदी चढायच्या आधी घरातली पिठाची चक्की आणि धान्य बहिणीकडे मांजर्लीला हलवते. यंदा तिने नाही हलवलं. मला रस्त्यात म्हणाली, "आता तू हायेस ना भाऊ. मना कनाची भीती?" तेव्हा तरी बोलायचं ना? नाही बोललो. उलट म्हणालो, "निर्धास्त राहा आत्या!"

आणि जुलैच्या शेवटी नदी आली. सकाळी दहाच्या सुमारास गल्लीत पाणी, बघता बघता पार्किंगमध्ये पोटरीएवढं. माझं दार वाजलं. नितीन, साळवी, आणखी चार जण. "काका, चला! आत्याला आणायचंय!"

मी चादर ओढली. सगळे बदकाभोवती उभे राहिले. "एक, दोन, तीन!"

बदक ढिम्म.

"काका, आत काय भरलंय?"

"फायबर जरा जाड झालंय," मी म्हणालो.

पुन्हा जोर लावला. साळवींची कंबर धरली, बदक तसूभर हललं नाही. नितीनने मान धरून हिसका दिला आणि चिखलात मागे जाऊन बसला. मान त्याच्या हातात! "काका, मुंडी आली!"

मग एकाने पाण्यात हात घालून तळ चाचपला. "अरे, ही तर फरशीला चिकटलीय!" गोणपाट म्हणजे शेवटी तागाचे धागेच. त्यांनी रेझिन प्यायलं आणि बोट, गोणपाट, फरशी सगळ्याचा मिळून एकच दगड झाला होता. दुकानदाराचं ते "नहीं तो..." मला त्या क्षणी पुरं ऐकू आलं.

पोरं बोट सोडून तशीच पाण्यातून आत्याकडे पळाली. आणि मी? मी बदकात चढून बसलो! का, ते विचारू नका. लाजेने माणूस काहीही करतो. सहा पुरुषांकडून हललं नाही ते पाण्याने उचलेल, अशी वेडी आशा. पाणी वाढत होतं. साळवींची स्कूटर आडवी होऊन निघाली, माझ्या पायपुसण्यासकट खुर्च्या निघाल्या, कुणाचा तरी फ्लॉवरपॉट ऐटीत गेटबाहेर गेला. पार्किंगमधलं सगळं तरंगलं, फक्त बोट सोडून! मी जीव तोडून पायडल मारत होतो. जिन्यावरून कुणीतरी ओरडलं, "काका, गिअर टाका गिअर!"

काठावरून पाणी आत आलं आणि मी बसल्या जागी छातीपर्यंत भिजलो. उठायचं बळ नव्हतं. एकटेपणाची मला सवय आहे, पण इतक्या माणसांसमोर इतका एकटा मी कधी नव्हतो.

तेवढ्यात गेटमधून मिरवणूक आली. पुढे पोरं, खांद्यावर चक्की. मागे साडी गुडघ्यावर खोचलेली बेबीआत्या, डोक्यावर तांदळाचं पोतं. पोतं नितीनकडे दिलं, सरळ माझ्याकडे आली आणि माझं मनगट धरलं. "ऊठ!" म्हणाली. जिला वाचवायला मी बोट ठेवली होती, तिने मला त्याच बोटीतून ओढून जिन्यावर नेलं.

साळवींच्या घरी सगळ्यांसाठी खिचडी टाकली होती. जिन्यावर ताटल्या घेऊन सगळे बसलेले. मला साळवींचा कोरडा शर्ट दिला. आणि कुणी रागावेना! ते बघून मलाच राहवेना. सगळं सांगून टाकलं. ठोकळा, भोक, टाकी, अगरबत्ती, सगळं.

आत्या म्हणाली, "आरं भाऊ, होरी फुटली तं हाक मारायची ना! इतकी पोरा हायेत बिल्डिंगीन."

मी म्हणालो, "आत्या, बोटच नाही म्हटल्यावर माझ्या दारात कोण येणार?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी नितीन म्हणाला, "काका, बुरा मत मानना. पन बोटीसाठी कोन येत होतं? बोटीमुळे तर येत नव्हतो ना! तुम्ही एकदा त्या बदकावर सुरू झालात की संपतच नाय. मागच्या वर्षी मी सकाळी पाना मागायला आलो होतो. पाना दुपारी भेटला!"

साळवी ताटलीकडे बघत म्हणाले, "मी तर दूध आणायला मागच्या गेटने जातो."

आणि आत्या? ती खिचडी कालवत शांतपणे म्हणाली, "माजी कोंबरी पन तुजे दारावरना गुपचूप जाते, भाऊ."

हसलो मी. सगळ्यांबरोबर हसलो. पण तुम्हाला म्हणून सांगतो, त्या रात्री झोप नाही लागली.

मनाशी ठरवलं, आजपासून बदकाबद्दल अवाक्षर नाही. आणि पाळलं हं! आठवडाभर पाळलं. काय फरक पडला म्हणता! नितीन येऊन मॅच बघून गेला, साळवी दोनदा चहाला आले. आत्याने भाकरी पाठवली. सगळं कसं छान चाललं होतं. मग एक दिवस साळवींनीच सहज विचारलं, "काका, ती बोट आता काढायची कशी?" आता त्यांनीच विचारलं ना? मी आपला विषय निघाला म्हणून फक्त सुरुवातीपासून सांगितलं.

तेव्हापासून परत शांतता आहे. म्हणून आज तुम्ही बेल वाजवलीत तेव्हा फार बरं वाटलं बघा. चहा घ्या ना, गार झाला की. आणि हो, मी मघापासून बोलतोय, तुमचं नाव विचारलंच नाही. तुम्ही कशासाठी आला होतात?

मीटर? मीटरचं रीडिंग घ्यायला?

अहो, मग आधी नाही का सांगायचं! मीटर बाहेर पार्किंगमध्ये आहे, बदकाच्या मागेच. चला, दाखवतो. तिथे उभं राहून ऐकलंत ना, की सगळं अजून नीट समजेल.