हो म्हणायचं नाही

फार्म रोह्याच्या अलीकडे होतं, मुंबईच्या एका शेठचं, आणि मी जिच्यावर सराव करायचे ती घोडीही त्यांचीच. मी गडब गावची. बाबा धाटावला कंपनीत शिफ्ट करायचे आणि उरलेल्या वेळात घरची भातशेती. सुट्टीत तबेल्यात मदत करता करता मी घोड्यावर बसायला शिकले. अकरावीच्या हिवाळ्यात शेठनी सांगून टाकलं, या सीझनला इव्हेंटिंगच्या तीन स्पर्धा आहेत, त्यातली एक तरी पूर्ण कर, नाहीतर घोडी किनाऱ्यावर पाठवतो पर्यटकांना फिरवायला. बोलताना ते मोबाईलमध्येच बघत होते.

किनाऱ्यावरचे घोडे मी पाहिले होते. गळ्यात रंगीत गोंडे, वर हाडं दिसतायत आणि पाठीवर आइस्क्रीम खाणारी तीन माणसं.

इव्हेंटिंगमध्ये एकाच घोड्याच्या तीन परीक्षा असतात. आधी मैदानात शिस्तीची चाल, मग रानातून ओंडके, चर आणि पाणी ओलांडत धाव, शेवटी दांड्यांवरच्या उड्या. रानातल्या एकाच अडथळ्याला घोडा तीनदा अडला की बाद, पुढचं काही बघायचं नाही.

घोडी फार्मवर आली तेव्हा तिला काहीच येत नव्हतं. शिकवणारे सर सैन्यातून निवृत्त झालेले, ते फक्त रविवारी यायचे. बाकी दिवस मी, आणि सुट्टी असली की बाबा. बाबांना घोडं ठाऊक नव्हतं, बैल ठाऊक होते. कापणी झालेल्या शेतात तिला लांब दोरावर धरून त्यांनी बैलासारखंच शिकवलं. चालायचं असेल तर जिभेने टकटक, थांबायचं असेल तर "हो-हो". घोडी पटकन शिकली. सरांनीही चालवून घेतलं.

पहिल्या स्पर्धेसाठी पेणच्या टेलरने मला काळा कोट शिवून दिला. तो घातल्यावर मी लग्नाच्या बँडमधली दिसत होते. स्पर्धेला आलेल्या पुण्याच्या मुली नीट शुद्ध बोलायच्या, मग मीही तसंच बोलू लागले. रानातल्या धावेत तिसऱ्याच ओंडक्यापुढे घोडी थांबली. पुन्हा आणली, पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा तर ओंडक्याला नाक लावून उभी राहिली आणि आम्ही बाद झालो.

दुसऱ्या स्पर्धेतही तेच. गंमत म्हणजे फार्मवर ती याच्या दुप्पट उंच ओंडके सहज उडायची. डॉक्टरने पाय तपासले, सरांनी खोगीर बदललं, आईने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, घोडीवरून आणि माझ्यावरूनही. मला जेवण जाईना. कॉलेजच्या बसमधून रस्त्याकडेचा प्रत्येक ओंडका दिसला की घाम फुटायचा. मला तिचा राग यायचा, आणि तिच्या मानेला हात लावला की रडूही यायचं.

शेवटच्या स्पर्धेच्या आधी एकदा जेवताना बाबांनी विचारलं, "भात वाढू का गो?"

"हो," मी म्हटलं.

बाबांचा हात तसाच राहिला. "व्हय म्हन की. बैल हाय काय मी, मला थांबवतेस ते?"

आई हसली. मी मात्र हातातला घास ताटात ठेवला. आमच्याकडे होकाराला व्हय, आणि हो फक्त बैलाला. फार्मवर सरांना मी येस सर म्हणायचे. पण स्पर्धेत, त्या मुलींच्या नादाने, भीती वाटली की मी पुटपुटत राहायचे, हो, हो, जमेल, हो. प्रत्येक ओंडक्यापुढे मीच तिला थांब म्हणत होते, आणि ती बिचारी ऐकत होती.

कळल्याने भीती गेली असं नाही, उलट वाढली. आता चूक झाली तर ती नक्की माझीच. शेवटच्या स्पर्धेत मी दात आवळून बसले. सुरुवातीच्या चौकटीत पंचांनी तयार का विचारलं आणि ओठांपर्यंत हो आलाच होता. मी "व्हय" म्हटलं. ते जरा हसले. ओंडके गेले. पाण्याशी ती क्षणभर घुटमळली, आणि मग ती धपकन आत उतरून पलीकडे निघाली. दांड्यांवरच्या उड्याही झाल्या, दोन दांड्या पाडून. नंबर खालून शोधावा लागला. पण स्पर्धा पूर्ण झाली होती, आणि मी तिच्या गळ्यात पडून सगळ्यांसमोर रडले.

पंधरवड्यात शेठ एका पुण्याच्या माणसाला घेऊन आले. त्याने ती धाव पाहिली होती. तीन परीक्षा पूर्ण केलेली घोडी त्याला मुलीसाठी हवी होती. शेठ खुशीत होते. म्हणाले, किनाऱ्यावर नाही ना जात, चांगल्या घरी चाललीय, तुझ्यामुळेच. खरं होतं ते. मी मान हलवली.

न्यायला गाडी आली तेव्हा घोडी परक्या माणसाच्या हाताने गाडीच्या फळीवर चढेना. त्याने ओढलं, दुसऱ्याने मागून ढकललं, ती घामाने निथळली. मग सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोर हातात घेतला आणि तिच्या पुढे चालत फळी चढले. ती लगेच मागे आली. तिला वाटलं असेल, स्पर्धेला निघालोय.