घंटीपुरतं अंतर

पाबे घाटाच्या माथ्यावर त्या रविवारी मी आयुष्यात पहिल्यांदा बाकीच्यांबरोबर पोहोचले होते. एरवी मी वर येईपर्यंत या मंडळींचे घाम वाळलेले असायचे, केळी खाऊन झालेली असायची आणि फोटोही काढून व्हायचे. त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. "यवतमाळ एक्स्प्रेस आज वेळेवर!" असं कुणीतरी ओरडलं. मी हँडलवर डोकं टेकून धापा टाकत हसत होते, तेवढ्यात खालून एक दुधाचा टेम्पो आला आणि आमच्याजवळ थांबला. ड्रायव्हरनं मान बाहेर काढून विचारलं, "तुमच्यातलंच हायत का ते, पांढऱ्या मिशांचं? खाली वळणावर बसल्यात. हाक मारली तर बोलत न्हाईत." बसलेत म्हणजे दमले असतील, असं मी खाली उतरता उतरता स्वतःला सांगत होते. दळवीकाका खरोखरच बसले होते. कठड्याला पाठ टेकलेली, हेल्मेट काढून शेजारी ठेवलेलं, सायकल त्यांच्या शिस्तीप्रमाणे चेन बाहेरच्या बाजूला ठेवून नीट टेकवलेली. कुणाच्या तरी घरी चहा यायची वाट बघत असल्यासारखे. आमच्यातल्या दोघांनी त्यांना तिथेच आडवं केलं, छाती दाबली, त्याच टेम्पोतून खाली नेलं... पण कठड्यापाशी पाहताक्षणीच मला कळलं होतं.

दळवीकाका राहायचे नारायण पेठेत. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्यांनी सगळी नोकरी केली आणि त्यातली कितीतरी वर्षं पेठेतून पिंपरीपर्यंत सायकलनंच गेले. "हल्ली सायकल चालवणाऱ्याला सायकलिस्ट म्हणतात. आम्हाला नुसतं कामगार म्हणायचे," असं ते अगदी कोरड्या चेहऱ्यानं सांगत. रविवारी पहाटे घाटरस्त्यांवर जाणाऱ्या आमच्या सातआठ जणांच्या टोळीत ते वयानं सगळ्यात मोठे आणि पायांनी सगळ्यात दमदार होते, आणि म्हणूनच सगळ्यात मागे असायचे. आमचा नियमच तसा होता. जो सगळ्यात भक्कम, त्यानं शेवटी राहायचं, म्हणजे कुणाचं चाक पंक्चर झालं, कुणाला चक्कर आली, तरी कुणी रस्त्यात एकटं पडत नाही. शेवटून दुसरी मी. नोकरीसाठी यवतमाळहून आलेली. आमच्याकडे चढ म्हणजे रेल्वेवरचा पूल. पहिल्याच रविवारी बोपदेव घाटात मी निम्म्यावर उतरून सायकल ढकलू लागले, तेव्हा मागून आवाज आला, "चाला, चाला. सायकललाही कधीतरी फिरवून आणावं माणसानं." मला रडू येत होतं आणि हसूही आलं. पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले.

त्यांच्या हलक्याफुलक्या कार्बनच्या सायकलला एक जुनी पितळी घंटी होती, कारखान्याला जायच्या सायकलवरची. पोरं वजनावरून चिडवायची. काका म्हणायचे, "माझ्या पोटाचं वजन चालतं, घंटीचंच खुपतं होय?" घाटात प्रत्येक वळणावर ते ती एकदाच वाजवत. त्याचा अर्थ त्यांनी मला सुरुवातीलाच सांगून ठेवला होता. "घंटी ऐकू आली म्हणजे मी आहे. मागे बघायचं नाही. घाटात मागे बघणारा तोल घालवतो." त्या घंटीच्या भरवशावर मी कात्रज चढले, ताम्हिणी चढले, वरंधाही चढले. चढावर काका अखंड बोलत असायचे. टूलरूममधले किस्से, मंडईतल्या भाजीचे भाव, घरी मंगलकाकूंनी केलेली आमटी, काहीही. चढताना बोलता आलंच पाहिजे, नाहीतर ते चढणं नव्हे, भांडण, असं त्यांचं म्हणणं होतं. खानापूरच्या पुढे एका टपरीवर एका आजोबांनी त्यांना विचारलं होतं, "एवढी सायकल हाणून मिळतंय काय तुमास्नी?" काका म्हणाले, "भूक." आजोबांना ते इतकं पटलं, की त्यांनी आम्हाला घरी नेऊन भाकरी खायला घातली.

गेल्या वर्षी मात्र काका बोलायचे कमी झाले. चढ लागला की म्हणायचे, "आज तू बोल." एखादाच प्रश्न विचारायचे, तोही असा, की त्याचं उत्तर घाट संपेपर्यंत पुरावं. ऑफिसात काय चाललंय? बाबांची तब्येत कशी आहे? यवतमाळला कापसाचं काय? मी बोलत राहायचे. माझ्या सख्ख्या माणसांना सांगितलं नाही ते मी त्यांना सांगितलं, पुढे बघत, पायडल मारत. मला वाटायचं, वयानं माणूस मऊ होतो म्हणतात ते हेच. मध्येच ते थांबायचे, "अगं, तो पक्षी बघ." कावळा आणि कबूतर यांपलीकडे पक्षी न ओळखणारा हा माणूस! सायकल पूर्वी खांद्यावर टाकून तिसऱ्या मजल्यावर न्यायचे, ती आता जिन्याखालीच राहू लागली होती. "कोण नेतंय चोरून? घंटीच्या वजनानंच पळून जाईल तो," असं म्हणायचे. माझ्यासाठी ते इतकं हळू चालवतात याची मला लाज वाटायची. एकदा तसं म्हणालेही. "मला घाई नाही," एवढंच म्हणाले.

आणि तो रविवार. पाबे घाटाच्या पायथ्याशी ते पाणी प्यायले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आज तुझे पाय बरे चालतायत. जा तू पुढे. गाठ त्यांना." मी लहान मुलीसारखी सुटले. पहिल्या वळणावर घंटी ऐकू आली. दुसऱ्यावरही आली. मग नाही. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, मी इतकी पुढे आले, की आता घंटी पोहोचत नाही. मला अभिमान वाटला हो! मी मागे पाहिलं नाही. बघायचं नसतं.

नंतर आमच्या ग्रुपवर संदेशांचा पूर आला. आवडत्या रस्त्यावर गेले, भाग्यवान माणूस, असं मरण मागून मिळत नाही. मला एकेकाला फोन करून विचारावंसं वाटत होतं, तुम्हाला कधी हवंय? कठड्याला टेकून एकट्यानं बसण्यात कसलं भाग्य? पण मी काही लिहिलं नाही, हात जोडलेलं चित्र तेवढं टाकलं. तेराव्याला त्यांच्या घरी गेले. मंगलकाकूंनी माझ्या हातात कप दिला आणि शेजारी बसून हळूच म्हणाल्या, "चढ बंद करा असं डॉक्टरांनी वर्षापूर्वीच सांगितलं होतं गं. ऐकतील तर शपथ. पण म्हणायचे, एकटा थोडाच असतो, वैशाली असते ना माझ्याबरोबर. म्हणून मी सोडत होते." मी कपाकडे बघत राहिले. वर्षभर मला वाटत होतं, की ते मला सांभाळतायत. त्यांना बोलायला दम पुरत नव्हता म्हणून मी बोलत होते. ते थांबायचे ते पक्ष्यांसाठी नव्हे. सगळ्यात मागे राहणाऱ्याचं हळू चालवणं कुणाला खटकत नाही, उलट त्याला आपण मोठेपणा म्हणतो... आणि काकूंच्या लेखी मी त्यांच्याजवळ होते. तिथे माणसं बसली होती. मी कप खाली ठेवला आणि उठून आले.

त्यानंतरचे आठवडे मला एकच प्रश्न खात होता. त्यांनी मला पुढे का पाठवलं? माझे पाय खरंच चांगले चालत होते, त्याचं कौतुक म्हणून? की छातीत काही होतंय हे त्यांना पायथ्याशीच कळलं होतं, आणि ते मला दिसू नये म्हणून? एका रात्री एक उत्तर खरं वाटायचं, दुसऱ्या रात्री दुसरं. सायकलला मी हात लावला नव्हता. पण काकू मनात जे धरून बसल्या होत्या ते खोटं होतं, आणि ते मी तसंच राहू देणं म्हणजे रोज त्यांना फसवणं होतं. शेवटी गेल्या रविवारी सायकल काढली आणि थेट नारायण पेठेत गेले. काकू गवार निवडत होत्या. मी बसलेसुद्धा नाही, उभ्याउभ्याच सांगून टाकलं. मी जवळ नव्हते काकू. त्यांनी मला पुढे जायला सांगितलं आणि मी गेले.

काकूंचे हात थांबले नाहीत. शेंगा मोडता मोडताच त्या म्हणाल्या, "अँजिओग्राफीच्या दिवशी मला बहिणीकडे साताऱ्याला पाठवलं होतं त्यांनी. तिला बरं नाही, जाऊन ये म्हणाले. मी आपली पिशवी भरून गेले. बहीण ठणठणीत! परत आले तर हे मनगटाला पट्टी लावून पेपर वाचतायत." त्यांनी एक शेंग ताटाबाहेर फेकली. "कधी दुखताना दिसले नाहीत मला. सगळे म्हणतात, किती विचार करायचे तुमचा. मला राग येतो वैशाली. फोटोला हार घालताना पण येतो. माझा हक्क नव्हता का?" मग आम्ही दोघी रडलो. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं, पण त्यानं बरं वाटलं असं मी म्हणणार नाही. राग आता दोघींचा झाला, एवढंच.

निघताना काकू मला पोहोचवायला खालपर्यंत आल्या. काकांची सायकल जिन्याखाली तशीच उभी आहे, टायरमधली हवा गेलेली. मी माझी सायकल बोळातून बाहेर काढली, एक पाय पायडलवर ठेवला, आणि मागून घंटी वाजली. एकदाच. माझी मान आपोआप पुढे ताठ झाली, इतक्या वर्षांची सवय... आणि मग मी मागे वळून पाहिलं. काकू जिन्याखाली वाकून पदरानं ती पितळी घंटी पुसत होत्या.

"काही नाही गं, धूळ बसलीय," त्या वर न बघता म्हणाल्या. "जा तू पुढे."

मी सायकल भिंतीला टेकवली, चेन बाहेरच्या बाजूला ठेवून, आणि आत परत गेले.